काखेतली कळी

अवनीला बाद केलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली फोनवर निकाल बघत होतो. तिने आयुष्यातली सगळ्यात लांब उडी मारली होती. मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो, आणि दोनच मिनिटांनी तिचं नाव यादीच्या तळाशी गेलं. पुढे कारण लिहिलं होतं: सूट.

आयंडहोवनजवळच्या आमच्या कंपनीत माझं काम मोजमापाचं. यंत्राच्या भागात केसाहून बारीक फरक आला तरी तो पकडायचा आणि कुणाच्या हातून आला ते शोधायचं. ही सवय मी बुटांसारखी दाराबाहेर काढून ठेवत नाही, असं शर्मिला, माझी बायको, येईल-जाईल त्याला सांगते. खोटं नाही ते. फ्रिजमधलं दही कमी झालं तरी मी चौकशी बसवतो.

आमची अवनी वीस वर्षांची. या सपाट डच मुलखात, कालव्याकाठच्या रस्त्यावर, चाकं लावलेल्या स्कीवर ती शिकली. तिचा खेळ नॉर्डिक कंबाइंड: आधी बर्फाच्या उतारावरून स्कीवर उडी, मग त्याच दिवशी स्कीवर पाच किलोमीटरची शर्यत. उडी बाद झाली की शर्यतही गेली. सगळ्यात वरची स्पर्धा वर्ल्ड कप आणि तिच्या खालची पायरी कॉन्टिनेन्टल कप. गेले तीन महिने ती या खालच्या पायरीवर देशोदेशी हिंडत होती. सीझनअखेर पहिल्या पंधरांत आली तर पुढच्या वर्षी वर पाठवू, असं संघाने कबूल केलं होतं. ती तेरावी होती. या बाद होण्याने सतरावी झाली, आणि आता फक्त दोन फेऱ्या उरल्या होत्या.

उडीचा सूट अंगाबरोबर लागतो. जरा जास्त सैल असला की त्यात हवा भरते आणि माणूस लांबवर तरंगतो, म्हणून उडीनंतर सूट मोजतात. अवनीचा छातीला तीन सेंटीमीटर जास्त भरला.

घरी येऊन तिने बॅग कोपऱ्यात टाकली. मी सूट मागितला. "लाट मार, बाबा," ती म्हणाली. म्हणजे डचमध्ये, राहू दे. पोर राहू दे म्हणते तेव्हा काहीतरी असतंच, हे मला कळतं. ती अंघोळीला गेल्यावर मी बॅग उघडली. सूट उलटा करून जेवणाच्या टेबलावर पसरला, दिवा जवळ ओढला. दोन्ही काखांत एकेक कळी, म्हणजे घेर वाढवणारी जोडपट्टी, घातलेली होती, बोटभर रुंदीची, त्याच जाड कापडाची. टीप इतकी सफाईदार की मोजणाऱ्यांनाही ती दिसली नसेल, फक्त घेर वाढलेला कळला असेल.

म्हणजे हे चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी बसून, विचार करून केलं होतं.

माझा संशय लगेच योस्टवर गेला. योस्ट तिचा कोच, नायमेखनला राहणारा, कमी बोलणारा, माझ्या डोळ्याला डोळा न देणारा. संघाचे सूट तोच मोजून द्यायचा, शिवाय संघात दुसरी एक मुलगी होती, अवनीच्या मागेच, सोळावी. अवनी बाद झाल्यावर ती आपोआप पंधरावी झाली. मी कागदावर दोघींचे गुण मांडले आणि मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. संशयाचं हेच असतं, एकदा धरला की सगळं त्याच्याच बाजूने बोलायला लागतं.

शनिवारी मी न कळवता नायमेखनला गेलो. योस्टने दार उघडलं, कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा परत बंद केला.

"सूट तूच दिला होतास ना तिला?" मी विचारलं.

"हो."

"मोजला होतास?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "चूक माझी होती. मी संघाला तसं कळवलंय. शिरीष, हे इथेच सोड."

"कळ्या कुणी घातल्या?"

"मी म्हटलं ना, चूक माझी."

जो माणूस इतक्या पटकन चूक कबूल करतो तो मोठी चूक लपवत असतो, असं मी परतीच्या ट्रेनमध्ये ठरवून टाकलं. घरी पोचलो तर मायलेकी स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलत होत्या. मला बघून दोघी थांबल्या. "काय चाललंय?" म्हटलं तर शर्मिला म्हणाली, "काही नाही, पोहे करतेय." पोह्यांसाठी कुजबुजावं लागत नाही. पण मला वाटलं, योस्टने पोरीला धमकावलंय आणि ती आईला सांगतेय. मी घरात सगळीकडे कान लावले, पण तो सूट समोर धरून साधा प्रश्न कुणाला विचारला नाही.

रविवारी मी संघाला तक्रार लिहिली. फोटो, मापं, दोघींचे गुण, योस्टचं वागणं, सगळं क्रमाने. ऑफिसात माझ्या रिपोर्टची तारीफ होते, तसाच हा रिपोर्ट होता. अवनीला सांगितलं नाही. तिच्यासाठीच तर करत होतो.

गुरुवारी संघाचं उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत योस्टला कामावरून दूर केलं होतं. उरलेल्या दोन फेऱ्यांना तो जाणार नव्हता. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी ते वाचून दाखवलं, आणि खरं सांगतो, मला छाती फुगल्यासारखं वाटत होतं.

शर्मिलाच्या हातातला डाव भातातच राहिला.

"त्या कळ्या मी घातल्या," ती म्हणाली.

मला वाटलं, ती योस्टला वाचवतेय. बघा, तेव्हाही माझ्या डोक्यात हेच आलं.

"त्या फेरीच्या आधी घरी आली होती तेव्हा तिच्या काखेत वळ उठले होते, लाल," शर्मिला सांगत होती. "रोज त्या स्कीवर काठ्या मारून पोरीचे खांदे भरलेत. सूट काचत होता. मागच्या वर्षीचा जुना सूट माळ्यावर होता, त्याचं कापड काढलं. ब्लाऊजला घालते तशा कळ्या घातल्या. ती झोपली होती. मला काय ठाऊक, तिथे टेप घेऊन बसतात ते. तुला सांगणार होते, पण तू लगेच चौकशी बसवली असतीस."

"आणि तू?" मी अवनीकडे वळलो. "तुला कधी कळलं?"

अवनी डच आणि इंग्लिश मिसळून बोलते. त्या दिवशी पहिल्यांदाच ती सावकाश, शब्द जुळवत मराठीत बोलली.

"वर, टॉवरवर. हात वर केले तेव्हा सूट सैल लागला. आईचंच काम, कळलं. दुसरा सूट नव्हता. मी सांगू शकले असते. पण मला वाटलं, एकदा बघू, किती लांब जातं." तिने ताट पुढे सरकवलं. "खाली आल्यावर योस्टला सांगितलं. तो म्हणाला, तुझी आई आहे, आपण तिचं नाव नको घेऊ या. मी घेतो माझ्यावर."

मला लाज वाटली. साधी, सरळ, अंगावर येणारी लाज. मी ताडकन उठलो, लॅपटॉप आणला. "आत्ता लिहितो," मी म्हटलं. "लिहितो की धुताना कापड सैल झालं. कुणाचाच दोष नाही. मापं मीच चुकीची घेतली."

"खोटं नको," अवनी म्हणाली.

"खरं लिहिलं तर तू गेलीस. मुद्दाम सैल सुटात उडी मारली म्हणतील. पुढचं वर्ष विसर."

"माझं नाव घाल," शर्मिला म्हणाली. "शिवलं मी."

"अंगात घातलं मी," अवनी म्हणाली. तिने लॅपटॉप माझ्यासमोरून ओढून घेतला आणि उभ्या उभ्याच डचमध्ये लिहायला लागली. मी तिच्या खांद्यामागून वाचत होतो. सूट आईने प्रेमाने सैल केला, तिला नियम माहीत नव्हता. मला माहीत होता. तरी मी उडी मारली. योस्टचा काही संबंध नाही. त्याला परत घ्या.

"बाबांबद्दल काही लिहितेस?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

"तुझी तक्रार तू मागे घे," ती म्हणाली. "तुझ्या नावाने. आणि योस्टला फोन नको करू. त्याच्या घरी जा, आणि आधी माफी माग. मी बरोबर येणार नाही."

तिने पत्र पाठवलं, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि आईच्या ताटात भात वाढायला लागली. मी नवीन पान उघडलं आणि वर माझं नाव लिहिलं.