फांदीवरून हटलो नाही

मी एक छोटा गाणारा पक्षी आहे, मित्रांनो. तुमच्या मुठीत मावेन एवढा, पोटाला पिवळा आणि स्वभावाने महाहट्टी. लोकांनी मला 'वाट चुकलेला' म्हटले. मी वाट चुकलो नव्हतो. वादळाने मला वाटेवरून उचलून फेकले होते. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या थंड रानातला. हिवाळा आला की आम्ही समुद्राच्या काठाकाठाने उबेकडे जातो. त्या वर्षी वारा असा उलटला, की मी एकटाच एका परक्या शहरात, सुताराच्या कारखान्यामागच्या अंगणात येऊन पडलो. नुसता हाडांचा सापळा झालो होतो. अंगणात फळ्यांचे ढीग होते, भुशाची पोती होती आणि कुंपणाला एक काटेरी झुडूप होते. झुडपात अळ्या होत्या! ठरवले, इथेच खायचे, अंगात बळ आणायचे आणि पुन्हा उडायचे.

पण बातमी फुटली. कॅमेरेवाले जमले. असा पक्षी इकडे कधी आलाच नव्हता म्हणे. मी झुडपात दडलो, तेव्हा एका गॉगलवाल्याने फोनवर माझ्याच जातीचे गाणे लावले. माझे काळीज उसळले. कुणीतरी आपले आहे! तोंडातली अळी टाकून मी झेपावलो. तिथे कुणीही नव्हते. पुन्हा गाणे, पुन्हा मी. दिवसभर उपाशी नाचलो. शेवटी मनाशी म्हटले, आता काहीही वाजवा, मी हलणार नाही.

मग गॉगलवाला सुताराला म्हणाला, "मिस्त्री, एवढ्या चार फांद्या उडवा ना. झक्कास फोटो येईल. तुमच्या दुकानाचंही नाव होईल."

सुतार हुरळला. करवत घेऊन आला. त्याची थोरली बहीण खुर्च्यांना पॉलिश करत होती. ती दारातून ओरडली, "अरे, त्याचं ताट आहे ते! कुणाच्या पोटावर पाय देतोस?"

"ताई, पाखरूच ते. खाईल दुसरीकडे!"

करवत फांदीला लागली. सगळे झुडूप हादरले. मला पळता आले असते. मी उलट खाली उतरलो आणि करवतीपासून वीतभर अंतरावर, त्याच फांदीवर बसलो. छाती फुगवली आणि गायलो, फोनपेक्षा मोठ्याने. ही फांदी माझी आहे, एवढेच माझे म्हणणे होते.

सुताराचा हात थबकला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"घ्या! हा तर तुझ्यावर गेलाय, ताई," तो हसून म्हणाला. मग करवत खाली ठेवून गॉगलवाल्याकडे वळला. "साहेब, तो फोन आधी बंद करा. आणि फोटो काढायचा तर रस्त्यावरून काढा."

ताईने पॉलिशने माखलेल्या हातांनीच फाटक लावून घेतले.

पुढे मी पोटभर खाल्ले. अंग भरले. एका निरभ्र संध्याकाळी वारा पाठीशी आला, तसा उडालो.

मित्रांनो, तुमच्या कुंपणावर अनोळखी पाहुणा उतरला तर खुशाल पाहा, पण लांबून. त्याला खोट्या हाका मारू नका. त्याचा आडोसा तोडू नका. हे मी हात जोडून सांगत नाही. मला हात नाहीत, पंख आहेत, आणि ते कुणापुढे जोडण्यासाठी नसतात.