दाराआडची ओळखपरेड

चेन्नईत पेरुंगुडीतल्या आमच्या फ्लॅटला बोटाने उघडणारं कुलूप आहे आणि ते मी पायाच्या अंगठ्याने उघडते.

कुलूप बसवणारा माणूस "मॅडम, बोट ठेवा" म्हणाला तेव्हा मी दोन्ही हात पदराआड घेतले होते. जमिनीच्या कागदांवरचे ठसे उचलायचे, त्यांचे गोंदाचे अंगठे बनवायचे आणि लोकांची खाती रिकामी करायची, ही बातमी मी नुकतीच वाचली होती. माझी बोटं आधारकडे आहेत, बँकेकडे आहेत, सिमकार्डवाल्याकडे आहेत. आता एका कुलुपालाही द्यायची? पायाचा अंगठा मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. मी चप्पल काढली, भिंत धरली आणि उजवा पाय कुलुपापर्यंत नेला. कुलूप कमरेच्या उंचीवर आहे, पण लहानपणी सात वर्षं कथक शिकले ते कुठेतरी कामाला यायला हवंच होतं.

उन्मेषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दहाही बोटं देऊन टाकली आणि विचारलं, "अकरावं काही लागेल का?"

समोरच्या विजयालक्ष्मी मामी तर हसून हसून पायरीवर बसल्या. त्या तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी जुनी, तमिळच्या चालीवर डुलणारी. "मी रेशनला बोट दिलं, पेन्शनला दिलं, देवळात लाडवाच्या रांगेत मागितलं तर तिथंही दीन," त्या म्हणाल्या. "हे म्हातारं बोट नेऊन कोण कसाला काय करणार ग?"

मी ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी कुलुपाचा आकडी कोडही बंद करून टाकला, कारण मागे उभा राहून कुणीही आकडे बघू शकतो. कुलुपाचं ॲप फोनमधून काढलं, उन्मेषलाही काढायला लावलं, कारण ते सगळे कॉन्टॅक्ट मागत होतं. कुलुपाबरोबर आलेली साधी किल्ली कपाटात अगदी आतल्या कप्प्यात ठेवली. घर इतकं सुरक्षित झालं की मला शांत झोप लागू लागली.

तर गेल्या शनिवारची गोष्ट. तमिळ पंचांगातला आडी महिना लागला होता आणि या महिन्यात बायकांनी मरुदाणी लावायचीच, असा मामींचा हुकूम. मरुदाणी म्हणजे मेंदीची ताजी पानं वाटून केलेला हिरवा गोळा. आपल्यासारखी वेलबुट्टी नाही, प्रत्येक बोटाच्या टोकाला सरळ गोळ्याची टोपी चढवायची. देवू, माझी चार वर्षांची मुलगी, दुपारची झोपली होती. मी कुकरमध्ये डाळ लावली, दार बंद होऊ नये म्हणून फटीत चप्पल अडकवली आणि समोरच जाऊन बसले. तिथून शिट्टीही ऐकू येते आणि दारही दिसतं. यापेक्षा जास्त लक्ष कोण ठेवतं?

मामींनी दहा बोटांवर टोप्या चढवल्या आणि मी उठणार एवढ्यात माझा पाय ओढला.

"पायांना नको मामी."

"आडीत अर्धं लावलेलं चालत नाही. गप बस."

पायाच्या अंगठ्यांवरही टोप्या आल्या. तेवढ्यात समोर काहीतरी हललं. झोपेतून उठलेली देवू दारात आली, फटीतली चप्पल उचलून नीट रॅकवर ठेवली आणि दार लावून घेतलं. दार उघडं दिसलं की लावायचं, हे मीच शिकवलंय. कुलूप आतून चिवचिवलं. पाठोपाठ कुकरची पहिली शिट्टी झाली.

मी हिरवी बोटं हवेत धरून टाचांवर धावले. उजव्या अंगठ्याची टोपी पायपुसण्यावर घासून काढली, पाय उचलला, कुलुपावर ठेवला. लाल दिवा. पुन्हा घासला. लाल दिवा. अंगठा ओला, नारिंगी आणि सुरकुतलेला होता, माझा मलाच ओळखू येईना. मामी मागून माझी कंबर धरून उभ्या होत्या आणि अंगठ्यावर फुंकर मारत होत्या. पाचव्यांदा पाय ठेवल्यावर कुलुपातल्या बाईने गोड इंग्रजीत सांगितलं की आता थोडा वेळ मी तुमच्याशी बोलणार नाही.

दुसरी शिट्टी.

मामींनी स्वतःच्या फोनवरून उन्मेषला लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. तो ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात. तिथून घरी यायला दीड तास तरी लागतो.

"ॲपवरून उघड," मी म्हटलं.

"ते तू काढायला लावलंस."

"मग काय करू?"

"आतून नुसती मूठ खाली दाबायची असते. देवूला सांग ना."

हे मला सुचलंच नव्हतं. मी दाराला तोंड लावलं. "देवू, मूठ खाली दाब आणि दार उघड बरं."

आत पावलं वाजली. मग अगदी दाराजवळून आवाज आला, "गुप्त शब्द सांगा."

आता हेही मीच शिकवलेलं. हल्ली संगणकावर कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. म्हणून आईचा आवाज आला तरी उघडायचं नाही, आधी गुप्त शब्द विचारायचा. आणि शब्द जुना झाला की फुटतो, म्हणून तो मी दर सोमवारी बदलते.

"पाटवडी," मी म्हटलं.

"तो जुना."

"कोथिंबीर."

"तो पण जुना."

"डबल बीन्स? टिकली? देवू, अगं मी आई आहे."

"सगळे असंच म्हणतात," देवू म्हणाली. हे वाक्यही माझंच.

उन्मेष फोनवर खोकल्यासारखं करत होता. तो खोकला नव्हता. मामींनी मला बाजूला सारलं. "कण्णा, मी विजी आजी. दार उघड, चमत्तु ना तू, शहाणी?"

"विजी आजीचा पण आवाज काढता येतो."

"अय्यो, ही कोणाची पोर ग?" मामी माझ्याकडे वळल्या आणि एवढ्या गडबडीतही त्यांना हसू फुटलं. मग मलाही फुटलं. हसून डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला एकही बोट मोकळं नाही.

तिसरी शिट्टी. पाठोपाठ आत फरशीवरून काहीतरी सरकलं. प्लॅस्टिकचं स्टूल. ते स्वयंपाकघराकडे निघालं होतं.

हसू जागच्या जागी संपलं. शब्द आठवायचं मी सोडून दिलं.

"देवू, स्टूल सोड. गॅसकडे जायचं नाही. कुकरला हात लावलास? भाजलं का कुठे? ओट्यापासून लांब हो, आणखी लांब. पायात चप्पल आहे का, फरशी ओली असेल, घसरशील. शू लागलीय का? लागली असेल तर धरून ठेवू नकोस. पाणी प्यायलीस? तोंडात काही घातलं नाहीस ना? बघू, आ कर. शिट्टीची भीती वाटतेय का? कानावर हात ठेव, पण जोरात दाबू नकोस, कान दुखेल—"

स्टूल थांबलं. छोटी पावलं दाराशी आली.

"आईच आहे," देवू कंटाळून म्हणाली आणि मूठ खाली दाबली.

मी आत घुसले आणि कोपराने गॅसचं बटण फिरवलं. चौथी शिट्टी अर्ध्यावर विरली. मागे वळले तर देवूने उचलून घ्यायला दोन्ही हात वर केले होते. माझ्या बोटांवर अजून हिरव्या टोप्या होत्या. मी खाली बसले आणि तिला दोन कोपरांमध्ये जमेल तेवढी घट्ट धरली.

"पाणी नाही प्यायले मी," ती माझ्या मानेत म्हणाली. "शू पण लागलीय."