लाल न येणारी मळी

"बघा की मामा, परत फिक्कंच," म्हणत संयोगितानं फ्लास्क उजेडात धरला. आतलं यीस्ट जेमतेम गुलाबी होतं. आकाराम बघत होता आणि त्याला बघवत नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तो यीस्टचं आणि जंतूंचं खाणं शिजवत आला होता. यीस्टला जसं खाणं, तसा त्याचा रंग, एवढंच संयोगिताचं संशोधन. एकाला ग्लुकोज, एकाला साखर, एकाला साखर कारखान्यातून उरणारी काळी, पातळ मळी. गेल्या वर्षी मळीवर असा लालभडक रंग आला, की तिचे मार्गदर्शक हंबीरराव सरांनी तो फ्लास्क विभागभर मिरवला. सगळा प्रबंध त्या एका रंगावर उभा राहिला. आता सर म्हणत होते, माझ्यासमोर एकदा काढून दाखव. नव्या मळीवर तीनदा करून झालं, रंग येईना. फेब्रुवारीअखेर मुदत संपली की पोरीची पाच वर्षं पाण्यात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. गेल्या वर्षी वारणानगरहून मळी आणताना एसटीत कॅनचं बूच निसटलं आणि निम्मी मळी सांडली. कंडक्टरनं भर गाडीत आकारामची खरडपट्टी काढली. अर्धा कॅन घेऊन सरांपुढं जायची लाज वाटली, म्हणून त्यानं गावच्या गुऱ्हाळातली काकवी ओतून तो भरला. दोन्ही उसाचीच, त्याला काय होतंय? फरक यीस्टला कळला, याला कळला नव्हता.

निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. गप्प बसला असता, तर शाल-नारळ घेऊन मानानं घरी गेला असता. पण संयोगितानं टेबलावर डोकं टेकलं आणि त्याच्यानं राहवेना.

"मॅडम, ती नुसती मळी न्हवती. निम्मी काकवी हुती. मीच घातलीती."

तिनं डोकं वर केलं. मग वही ओढून काकवी कुठल्या गुऱ्हाळाची ते तिनं विचारलं. दोष दिला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तिच्याकडून कळल्यावर सरांनी मात्र सोडलं नाही. किल्ली काढून घेतली, प्रयोगाच्या कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं. उरलं बाटल्या धुणं. तीस वर्षांनी हे ऐकून घ्यावं लागलं याचं त्याला फार वाईट वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यानं गावाकडून काकवी आणून दारातच ठेवली. यीस्टचं खाणं संयोगितानं स्वतः शिजवलं.

पाचव्या दिवशी ती फ्लास्क घेऊन थेट धुण्याच्या बेसिनशी आली.

"रंग आला, मामा. घ्या, बघा."

आकारामनं ओले हात पाठीमागं घेतले.

"सर हात लावू नगा म्हणाल्यात. तुमीच धरा, मी बगतो."

तिनं फ्लास्क खिडकीकडं धरला. तो बराच वेळ बघत राहिला. नळ तसाच वाहत होता.