अठ्ठावीस चढाया

संघात समलिंगी खेळाडू असली तर हरकत आहे का, या प्रश्नाला चौदाही मुलींनी ‘नाही’ असं उत्तर दिलं होतं. खेळातला असा पूर्वग्रह मोजणं हे प्रियंकाचं काम. एवढ्या सरळ उत्तरांवर तिचा विश्वास बसेना. तिने बोरीवलीच्या या कबड्डी संघाच्या गेल्या वर्षीच्या सामन्यांचं चित्रण मागवलं आणि हात मोजले.

बचावात शेजारच्या दोघी हात धरून उभ्या राहतात. उजव्या कोपऱ्यात रश्मी, तिच्या शेजारी राधा. जानेवारीत, दहिसरला, समोरून एकतीस चढाया झाल्या. एकतीस वेळा हात धरलेला. फेब्रुवारीत अठ्ठावीस चढाया, एकदाही नाही. त्या सामन्यानंतर रश्मी खेळलीच नाही.

शनिवारी दुपारी क्लबच्या खोलीत प्रियंकाने लॅपटॉपवर फेब्रुवारीचा सामना लावून तो राधासमोर ठेवला. प्रशिक्षक जयवंत सर बाजूलाच बसले होते.

“कारणाचा रकाना रिकामा आहे,” प्रियंका म्हणाली.

“डावपेच होता. लिहा तसं,” सर म्हणाले.

राधा पडद्याकडे पाहत होती. मैदानात तिची नजर चढाई करणारीवर असायची. शेजारी काय झालं ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. चढाई सुरू झाली की रश्मीचा हात तिच्याकडे येत होता. उघडा. क्षणभर थांबायचा, मग रश्मी तो मांडीला पुसायची. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “ए वहिनी, धर ना हात! लाजते काय?” हशा झाला. पुढची चढाई. पुन्हा तो हात.

“बंद करू का?” प्रियंकाने विचारलं.

“नको.”

राधाने अठ्ठावीसही चढाया पाहिल्या.

“राधा, सोमवारी राज्य संघाची यादी लागतेय,” सर हळूच म्हणाले. “तुझं नाव मी दिलंय. स्वतःची वाट लावून घेऊ नको.”

“डावपेच नव्हता, मॅडम. मी सोडला हात. लोक आम्हा दोघींबद्दल बोलत होते, आणि ते खरं होतं. मला वाटलं, मी लांब राहिले तर फक्त तिच्याबद्दल बोलतील.” तिने लॅपटॉप मिटला. “तसंच झालं.”

सर उठले आणि बाहेर गेले.

प्रियंकाने सगळं शब्दशः उतरवून घेतलं. “अहवालात आम्ही नावं बदलतो,” ती म्हणाली.

“तिचं बदला,” राधा म्हणाली. “माझं राहू दे.”