श्री नसलेलं पत्र

आमच्या संग्रहात कुणी मरत नाही. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना हसत सांगते, पण त्याचा मला मनापासून राग आहे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांमधली पत्रं आणि रोजनिशा जपायच्या, वाचायच्या, त्यांची यादी करायची, हे माझं काम. या कागदांमध्ये लग्नं आहेत, मुंजी आहेत, बदल्या, बढत्या, भाऊबंदकी, लोणच्याच्या कृती, सगळं आहे. मृत्यू तेवढे नाहीत. माणूस आपला लिहिता लिहिता एक दिवस लिहायचा थांबतो, आणि मी बसते अंदाज बांधत.

कारण काही गूढ नाही. मृत्यूची खबर देणाऱ्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत. असं पत्र आलं की ते घरात न्यायचं नाही. दारातच उभ्याने वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. आमचे गुजराती शेजारी त्याला काळोतरी म्हणतात आणि तेही अगदी हेच करतात. म्हणजे मला जो कागद सगळ्यात आधी हवा, तोच या लोकांनी सगळ्यात आधी फाडलेला. धोब्याचे हिशेब ठेवले, मेलेल्या माणसाची तारीख मात्र ठेवली नाही! या विषयावर मी एका सभेत इतकी तावातावाने बोलले होते की अध्यक्षांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

सत्त्याण्णव साली खासनिसांची ट्रंक आली तेव्हाही माझा हा राग ताजाच होता. त्या वर्षांत शहरात जिकडेतिकडे नवे फ्लॅट उठत होते. जुनी घरं विकली जात होती आणि ट्रंका एक तर रद्दीवाल्याकडे जायच्या, नाही तर आमच्याकडे. सुभाष खासनीस गोरव्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. खंडेराव मार्केटजवळचं घर विकून ते वासण्याला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले होते. "मोहनाताई, तिथे कपाटं भिंतीत बसवलेली," ते मला म्हणाले, "ट्रंक ठेवायला जागाच नथी ने. आजोबांचं सगळं आहे. तुम्ही सांभाळा." मी दानपत्रावर त्यांची सही घेतली आणि ट्रंक आत ओढली.

आजोबा म्हणजे दामोदरराव. संस्थानच्या दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते आणि दफ्तर त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं होतं. घरातला प्रत्येक कागद वर्षवार लावून लाल कापडाच्या रुमालात बांधलेला. रोजनिशा चाळीस वर्षांच्या, एकही दिवस न गाळता लिहिलेल्या आणि तितक्याच कोरड्या. ऊन किती, कचेरीत कोण भेटलं, भाजी कुठली. मला हा माणूस फार आवडला. असा एक माणूस घराघरात असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

तळाच्या रुमालात पाकिटांची एक जुडी निघाली. पत्ता बायकी, गोल अक्षरात: सौ. इंदिराबाई, देवास. तिकिटं राजाच्या डोक्याची, नीट चिकटवलेली, पण एकाही तिकिटावर पोस्टाचा शिक्का नव्हता. पाकिटं बंदच होती. लिहिली, चिकटवली, तिकीट लावलं आणि टाकली नाहीत. प्रत्येकाच्या मागे दामोदररावांनी आपल्या सवयीप्रमाणे तारीख घातलेली. सेहेचाळीस सालचा पावसाळा ते दिवाळी. त्यांच्या त्या महिन्यांच्या रोजनिशीत मी शोधलं, तिथे या पाकिटांबद्दल अवाक्षर नव्हतं.

घरच्या वंशावळीवरून एवढं कळलं, की इंदिराबाई म्हणजे सुभाषभाईंच्या आईची आई. मी यादीत नोंद केली: 'इंदिराबाई, देवास. दिवाळी १९४६पर्यंत हयात.' नोंद करताना मला बरं वाटलं. निदान एका बाईच्या आयुष्याचं एक टोक हाती लागलं होतं.

बंद पाकीट घरच्यांच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, असा आमचा नियम आहे. मी सुभाषभाईंना फोन केला. मागे यंत्रांचा आवाज होता. "अहो उघडा ने," ते ओरडून म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वीचं काय असणार त्यात? आईला विचारतो पाहिजे तर." बायकांची पत्रं आमच्याकडे मुळातच कमी येतात. नव्या सुनेने माहेरी लिहिलेली, कुणीही न वाचलेली पत्रं! खरं सांगायचं तर मला उघडायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. "बा, संभाळीने," असं म्हणत रिक्षावाल्याने एका बाईंना हात धरून उतरवलं. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं आणि या एकट्या आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक, सुती नऊवारीतल्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पाणीही न घेता म्हणाल्या, "मी वत्सला. सुभाषची आई. ती पाकिटं माझी आहेत. उघडलीस का गं?"

"नाही काकू. तुमच्या परवानगीसाठीच थांबले होते."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी जुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी प्रत्येक पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. शेवटच्या पाकिटाशी फार वेळ थांबल्या. मग त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. "माझे डोळे अधू झालेत. नीट बघून सांग. हे पोस्टात गेलेलं नाही?"

"नाही. शिक्का कुठेच नाही."

"आणि कुणी उघडून परत चिकटवलेलंही नाही?"

मी भिंग घेऊन पाहिलं. "नाही काकू. हे कुणीही वाचलेलं नाही."

त्या रडायला लागल्या. तोंडाला पदर न लावता, समोर बघत, लहान मूल रडतं तशा. कागद ओला होईल म्हणून पाकीट त्यांच्या हातातून काढून घ्यावं, असं माझ्या मनात आलं. या कामाने माणूस असा होतो. मी माझे हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

मग त्यांनी सांगितलं, ते त्यांच्याच क्रमाने सांगते. सुभाष पोटात होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. सातव्या महिन्यात देवासहून भाऊ मुराळी म्हणून न्यायला येणार होता. तो आलाच नाही. पत्रही आलं नाही. पंधरा दिवस वाट पाहून त्यांनी आईला लिहिलं, मग पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. लिहिलेलं पाकीट सासऱ्यांच्या हाती द्यायचं आणि ते कचेरीच्या डाकेबरोबर टाकायचे, अशी घरची रीत होती.

"मामंजी घ्यायचे आणि म्हणायचे, 'बरं, बरं.' माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, रीतीचे आहेत म्हणून बघत नाहीत."

"आणि आई..."

"आई आधीच गेली होती गं. मी पहिलं पाकीट लिहिलं, तेव्हाच जाऊन आठ-पंधरा दिवस झाले होते. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं पत्र आलं, मामंजींनी दारात वाचलं, फाडलं, विहिरीवर आंघोळ केली. गरोदर बाईला सांगायचं नाही म्हणून सगळे गप्प. नानांनाही खोटं लिहिता येईना, म्हणून तेही गप्प बसले. सुभाष सव्वा महिन्याचा झाला तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं. सुतक कधीच सरलेलं. आंघोळसुद्धा नको म्हणाल्या, ओली बाळंतीण मी."

माझी ती नोंद टेबलावर तशीच पडली होती. दिवाळीपर्यंत हयात. मी ती हळूच पालथी घातली.

"हे शेवटचं," त्यांनी ते पाकीट दाखवलं. "यात मी लिहिलंय, की तुला मी जड झाले, तू मला टाकलंस. आता पालखी पाठवलीस तरी तुझ्या दारात येणार नाही, तू मेलीस असं समजेन. अगदी असंच लिहिलंय. वीस वर्षांची होते, दिवस भरले होते, पाय सुजले होते. आणि पन्नास वर्षं मला वाटत आलं, की हे पाकीट देवासला पोचलं आणि नानांनी उघडलं."

त्यानंतर त्या देवासला एकदाच गेल्या. नाना ओसरीवर बसून होते, बोलले नाहीत. सुभाषला मांडीवर घेतलं, लेकीकडे पाहिलं नाही. वत्सलाबाईंनी मनाशी म्हटलं, वाचलंय त्यांनी. पुन्हा तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. नानांची बोलावणी आली तरी काही ना काही निमित्त काढून टाळली. चार वर्षांनी नाना गेले.

"ते दुःखाने गप्प होते गं," त्या म्हणाल्या. "नुसते दुःखाने. त्यांनी काही वाचलंच नव्हतं. आणि मी बापाला तोडून बसले."

दामोदररावांबद्दल मला वाटणारं प्रेम त्या क्षणी पार आटलं. मेलेल्या बाईला पत्र कसं टाकायचं, म्हणून टाकलं नाही. सुनेचं पत्र उघडायचं नाही, म्हणून उघडलं नाही. कागद नष्ट करायचा नाही, म्हणून रुमालात बांधला. प्रत्येक गोष्ट नियमाला धरून. फक्त 'तुझी पत्रं मी टाकली नाहीत' एवढं एक वाक्य सुनेला सांगायचं राहिलं, आणि त्यात एका मुलीचं माहेर गेलं. मी तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी मान हलवली. "त्यांना वाटलं असेल, विषय काढून हिला कशाला रडवा. वाईट नव्हते ते. पण मला रडू द्यायला हवं होतं."

मी कपाटातून दानपत्र काढलं. पाकिटं त्यांनाच परत करायची, विश्वस्तांशी काय भांडायचं ते मी भांडेन, असं मी ठरवलं होतं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. "तुझ्याकडे कागद आहे? कोरा? मी सांगते ते लिही. वर श्री घालू नकोस."

मी लिहू लागले. त्या सावकाश सांगत होत्या, मध्ये थांबत होत्या.

"चिरंजीव सौभाग्यवती वत्सला हीस. लिहिण्यास अत्यंत दुःख होते, की तुझी आई सौ. इंदिराबाई अल्पशा आजाराने गेली. अखेरपर्यंत तुझी आठवण काढीत होती. तुला आणावयास तिने माणूस ठरविला होता. तू दुःख करू नये असे लिहवत नाही. दुःख करावे. तुझी पत्रे कोणी वाचली नाहीत. कळावे."

"खाली कुणाचं नाव घालू?"

"कुणाचंच नको."

त्यांनी कागद घेतला आणि उठल्या. मी हाताला धरलं तशा दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून, भर उन्हात उभ्या राहून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना ओठ हलत होते. मग त्यांनी तो माझ्यासमोर केला. "फाड. माझ्या हातात जोर नाही."

मी उभीच राहिले. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी मी लोकांना शिव्या घातल्या, तीच माझ्याच दारात माझ्याकडे मागितली जात होती. हा कागद ठेवायला हवा, असं माझ्या मनात ओरडून कुणी सांगत होतं. आमच्या सगळ्या संग्रहातलं हे मृत्यूचं एकुलतं एक पत्र. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी कागद आणखी पुढे केला.

मी फाडला. चार तुकडे केले, मग आठ, आणि मग हात थांबेपर्यंत.

"पाकिटं राहू देत तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर उघड. शेवटचंही. मुलगी आईवर रागावते, त्यात काय लपवायचंय."

आवारात बागेला पाणी द्यायचा नळ आहे. त्या तिथे गेल्या, वाकून ओंजळ भरली आणि डोक्यावर घेतली. पुन्हा घेतली. पांढरे केस कपाळाला चिकटले, पदर भिजला. मी छत्री आणायला आत जाणार, एवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. सुभाषभाई धावतच आत आले. घरी फोन लावला तर आई नाही म्हणून घाबरले होते.

"आई! हे काय? एकटी आलीस? आणि ही ओली कशी झालीस?"

वत्सलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं पाणी पुसलं नाही.

"सुभाष," त्या म्हणाल्या, "तुझी आजी गेली रे."

ते काहीतरी बोलायला गेले. पन्नास वर्षं झाली त्याला, असंच काहीतरी असणार. पण आईचा चेहरा बघून तिथेच थांबले. माझ्या हातातल्या कागदाच्या चिंध्यांकडे त्यांनी पाहिलं. मग ते खाली बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटात ठेवले, आणि अनवाणी, तापलेल्या फरशीवरून नळाकडे गेले.