कर्नल शून्यच्या डोक्यावरची पातेली

मित्रांनो, बापाच्या तेरवीला, घर माणसांनी भरलेलं असताना, पोटच्या पोराने डोक्यावर पातेली घालून यावं, ही कुठली रीत? त्या दिवशी बापाबद्दल दोन शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने बोलायचे होते. तेवढंच काम होतं. ते सोडून हे. त्याला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, पण माझं सोडा, मी अल्युमिनियमची. ती जुनी पातेली म्हणजे मीच.

माझं मूळ काम डाळ शिजवायचं. भोपाळच्या नेहरू नगरात रजनीबाईंच्या गॅसवर मी उभा जन्म काढला असता. रजनीबाई दोन यत्ता शिकलेल्या, पण जिभेला अशी धार की भाजीवाला भाव सांगायच्या आधीच तो कमी करायचा. मला त्या चिंचेने घासायच्या आणि कुणाचं तरी नाव घेऊन म्हणायच्या, "याला असं घासायला हवं."

त्यांचे यजमान मनोहरराव सरकारी कारखान्यात फिटर. नागपूरकडून नोकरीला आले, ते इथलेच झाले. एका गणपतीत मराठी मंडळाने अंतराळावरचं नाटक बसवलं आणि त्यांचा मुलगा परीक्षित त्यात यंत्रमानव झाला. मनोहररावांनी बायकोला न विचारता मला उचललं, पालथी केली, डोळ्यांपुढे फट कापली, कडेने रिव्हेट ठोकले आणि डोक्यावर सायकलचा स्पोक बसवला.

"नवीन पातेली आणतो की," ते म्हणाले.

"आणा. आणि तिलाही भोकं पाडा," रजनीबाई म्हणाल्या. मग बरेच दिवस बोलल्या नाहीत. ताट मात्र वेळेवर वाढत होत्या.

नाटकाला मुंबईचे एक पाहुणे आले होते, टीव्हीच्या मालिका बनवणारे. ते परीक्षितला घेऊन गेले. तिकडे त्याच्यासाठी प्लास्टिकचं चकचकीत शिरस्त्राण केलं, पण ते घातलं की तो लग्नाच्या बँडमधला वाटायचा. शेवटी मलाच बोलावणं आलं.

मित्रांनो, त्या मालिकेतला कर्नल शून्य कोण, ते तुमच्या आईबाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी पोरं डोक्यात बादल्या घालून गच्चीवर फिरायची. माझं चित्र दप्तरांवर आलं, राख्यांवर आलं. परीक्षित देशभर गाजला आणि रस्त्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. चेहरा माझ्या आत. तो बोलला की आवाज माझ्या पोटात घुमायचा, म्हणून आवाज मुंबईतल्या दुसऱ्याच एका नटाचा लावायचे. त्याचं स्वतःचं म्हणून जे दिसायचं ते फक्त चालणं, पावलं जराशी आत टाकत. मनोहरराव टीव्हीसमोर बसले की पायांकडेच बघायचे.

मालिका संपली. तो दुसरं काम मागायला गेला, तर लोक विचारायचे, "आप कौन?" तो भोपाळला परत आला. मग एम. पी. नगरात कुठल्या कोचिंग क्लासचं उद्घाटन असलं, कुठल्या शाळेचं संमेलन असलं, की आम्हा दोघांना आमंत्रण. तो मला घालायचा आणि त्या परक्या नटाची वाक्यं, त्याच्याच आवाजात, हुबेहूब म्हणायचा. घरात हळूहळू बोलेनासा झाला. एरवी मी कपाटावर पडलेली. मनोहरराव फडक्याने पुसायचे. ते आजारी पडले, तशी माझ्यावर धूळ बसली.

मग ते गेले. परीक्षितने अग्नी दिला आणि ताठ उभा राहिला. "पोरगा धीराचा आहे हो," असं लोक म्हणाले. रजनीबाई रडल्या नाहीत. घरात कुणीच रडलं नाही. गिरणीतून पीठ आणावं, तसे ते दिवस उरकले.

तेरवीला जेवणाआधी घरच्या माणसाने दोन शब्द बोलायचे, ही आमच्या मंडळाची पद्धत. मंडळाचे अच्युतराव म्हणाले, "बोल परीक्षित. तुला काय शिकवायचं, तू तर नट माणूस."

तो उभा राहिला. "बाबा," म्हणाला. पुढे काही येईना. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकलं. तो आत गेला, कपाटावरून मला काढलं आणि घालून बाहेर आला.

"डरो मत," तो म्हणाला, "तारों के उस पार कोई नहीं मरता." मग पुढचं सगळं, एकदाही न अडखळता. मागून एक टाळी पडली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. अच्युतरावांनी डोळे पुसले. रजनीबाई झारा हातात घेऊन दारात आल्या, बघितलं आणि परत वडे तळायला गेल्या. एकही वडा करपला नाही.

पंगत उठली, माणसं गेली. तो मला घालूनच स्वयंपाकघरात येऊन बसला.

"काढ ते," रजनीबाई म्हणाल्या.

"राहू दे ना आई. आत बरं आहे."

"पातेली माझी आहे. काढ."

त्याने काढली. कपाळावर माझ्या काठाचा वळ उमटला होता.

"आता बोल. मी एकटी आहे. टाळ्या वाजवणार नाही."

"मी मुंबईहून यायचो ना," तो म्हणाला, "तेव्हा बाबा स्टेशनवर यायचे. बोलायचे नाहीत काही. माझ्या हातातून बॅग घ्यायचे आणि..."

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. भांडी सांभाळा. पोचा आला तर ठोकून घ्या, अडगळीत टाकू नका. पण जे आपल्या माणसाबद्दल बोलायचं, ते भांड्याआडून बोलू नका. इतकी वर्षं त्याचं डोकं माझ्या आत होतं आणि त्यात काय चाललंय ते मला कधी कळलं नाही. बाहेरच्यांना काय कळणार?

रजनीबाईंनी त्याच्यापुढे ताट सरकवलं.

"दुपारी झकास बोललास," त्या म्हणाल्या. "कुणाच्याही तेरवीला चाललं असतं. आता बोललास ते अर्धंमुर्धं. तेच अडखळत चारचौघांत बोलला असतास, तर पुरलं असतं मला. तुझ्या बापाच्या तेरवीला सगळे आले, परीक्षित. तू तेवढा आला नाहीस."