पडद्यामागची बहीण

दैवशालेनं हातात धरलेला बल्ब विजेशिवाय पेटायचा. याच गुणापायी तिच्या भावानं, हरिओमनं, सासरी जाऊन तिला चेटकीण ठरवलं आणि तिचा संसार मोडला. नऊ वर्षं ती जालन्यात मेस चालवून एकटी राहत होती. आता तोच हरिओम भगवी शाल पांघरून महाराज झाला होता आणि मंठ्यातल्या दरबारासाठी तिला न्यायला आला होता.

"तू पडद्यामागं वायर धरून बस. बल्ब माझ्या हातात पेटंल," तो म्हणाला.

"भाऊ हाय तुजा, सांभाळून घे," सोबत आलेली आई म्हणाली.

दैवशालेला दोघांची किळस आली. तरी ती गेली. हा माणूस किती खाली उतरतो, ते तिला बघायचंच होतं.

दरबार भरलेल्या मंगल कार्यालयात बल्ब लखलखला, लोकांनी हात जोडले. फुशारलेला हरिओम माइकवर म्हणाला, "आमच्या घरात एक चेटकीण निघाल्ती. म्याच तिला हाकललं!"

दैवशालेनं वायर सोडली. पडदा सारून ती पुढं आली आणि विझलेला बल्ब तिनं त्याच्या हातातून काढून घेतला. तिच्या बोटांत तो भक्कन पेटला.

"मीच ती चेटकीण. आन् हा माझा भाऊ. ह्याला काडीबी धड पेटवता येत न्हाई."

एकच हशा पिकला. हरिओम आईमागं दडला, आणि आईनंही त्या एवढ्या वाढलेल्या घोड्याला पदराआड घेतलं. त्यांच्याकडं वळूनही न बघता दैवशालेनं जालन्याची बस पकडली.